गिरणगांव कसें वसलें?

इतिहास म्हणजे राजांच्या लढाया, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु शहराच्या वस्तीलाही इतिहास असतो. मुंबईंतील परळ-लालबाग या भागाचा इतिहास आज आपण थोडक्यांत पाहूं.

परळ हें मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकीं एक. एके काळीं येथें मोकळी हवा होती, म्हणून गव्हर्नरसाहेबांचा बंगलाही येथेंच होता. पुढें १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवूं लागली. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं ताडदेव येथें कापसाच्या गिरणीचा पाया घातला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, कापसाचा भाव चढला व शहरांत पैसा आला. गिरणीस जागा हवी व लोहमार्गही जवळ हवा. हीं दोन्हीं परळच्या बाजूस होतीं. धुराडीं उभीं राहिलीं, धनिक लोक दूर गेले, आणि गव्हर्नरांच्या त्याच बंगल्यांत १८९९ सालीं डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली.

गिरण्या उभ्या राहिल्या, पण त्या चालविणार कोण? कोंकणांतून व घांटावरून हजारों माणसें आलीं. चाळीच्या एकेका खोलींत अनेकजण दाटीनें राहत. रात्रपाळीचा मनुष्य उठला कीं त्याच जागेवर दिवसपाळीचा निजे. त्यांना जेवूं घालणाऱ्या खानावळी बहुधा बायकाच चालवीत. १८९६ च्या प्लेगानें या दाटीचें भय सर्वांस कळलें. १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १९२० नंतर बीडीडी चाळी बांधल्या गेल्या.

या लोकांना आठवड्याची सुटीही सहज मिळाली नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून कामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले. तेव्हां कोठें १८९० सालीं गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मोठा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. अनेक कामगारांना मात्र घरासाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागली.

यांतून आम्हांस एकच बोध घ्यावासा वाटतो. वस्ती भिंतींनीं वसत नाहीं, श्रमानें वसते. पालकांसही आमची विनंति आहे कीं, घरांतील वृद्धांच्या आठवणी मुलांना ऐकवाव्या, आणि मुलांनीं त्या वहींत उतरून ठेवाव्या. धुराडें पाडलें म्हणून तें चालविणाऱ्याचें नांव पुसूं नये.