ओळखीची गोळी, अनोळखी रोग

2020 साली करोनाची साथ आली. भिवंडीत मागांचा खडखडाट थांबला. रोग नवा होता. त्याचे औषध कोणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी माणूस हाती लागेल ते धरतो.

तेव्हा दोन जुन्या गोळ्यांचा बोलबाला झाला. पहिली हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. ही हिवतापावर आणि संधिवातावर देतात. दुसरी आयव्हरमेक्टिन. ही जंतांवर आणि खरजेवर देतात. एका रोगाची गोळी दुसऱ्याच रोगाला द्यावी का? यावर मोठा वाद झाला.

मार्च 2020 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एक सल्ला दिला. करोनाच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी आणि रोग्याच्या घरच्यांनी पहिली गोळी आधीच घ्यावी, असा तो सल्ला होता. मे 2021 मध्ये गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी 18 वर्षांवरील सर्वांना दुसरी गोळी देण्याचे जाहीर केले. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी हरकत घेतली. अभ्यासाखेरीज ही गोळी करोनासाठी देऊ नये, असे संघटनेचे मत त्यांनी सांगितले.

गोळी द्या म्हणणारे म्हणत, "घर पेटलंय. आता विहीर तपासत बसायचं का? गोळी स्वस्त आहे, जुनी आहे. घेऊन टाका."

नको म्हणणारे म्हणत, "जुनी आहे, पण या रोगाला नवीच आहे. पहिल्या गोळीने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय सगळ्यांनी साठवली, तर संधिवाताच्या रोग्याने काय करायचं? आणि गोळी घेतली म्हणून माणूस बेफिकीर हिंडेल, ते वेगळंच."

दोन्ही बाजूंना माणसे वाचावीत असेच वाटत होते. मग खरे कसे ठरवायचे?

कोणी म्हणेल, "आमच्या शेजाऱ्याने गोळी घेतली आणि तो बरा झाला." पण करोना झालेली बहुतेक माणसे गोळीवाचूनही बरी होत होती. मग गोळीचा गुण कसा कळणार? आपण भाताच्या खाचरात नवे खत कसे पारखतो? अर्ध्या खाचरात घालतो, अर्ध्यात घालत नाही. मग दोन्हीकडचे भात मोजतो. औषधाचेही तसेच. चिठ्ठ्या टाकल्यासारखे रोग्यांचे दोन गट पाडतात. एकाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत. मग मोजतात.

इंग्लंडात 2020 साली इस्पितळांतील हजारो रोग्यांवर अशी पारख झाली. पहिली गोळी दिलेल्या दर 100 रोग्यांत 27 दगावले. न दिलेल्यांत 25 दगावले. म्हणजे गोळीचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या गोळीची मोठी पारख ब्राझीलमध्ये झाली. तिचाही गुण दिसला नाही. सप्टेंबर 2021 मध्ये भारताच्या उपचारसूचनांतून दोन्ही गोळ्या वगळल्या गेल्या.

मग जुनी औषधे वाईटच का? मुळीच नाही. त्याच इंग्लंडात डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध पारखले. श्वासाच्या यंत्रावरच्या दर 100 रोग्यांत ते न देता 41 दगावत होते. ते दिल्यावर 29 दगावले. केवढी माणसे वाचली! पण ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना त्याचा काहीच फायदा झाला नाही. हे औषध स्टिरॉइड जातीचे आहे. 2021 साली महाराष्ट्रात काळ्या बुरशीच्या रोगाने अनेकांना गाठले. काहींचे डोळे गेले, काहींचे प्राण गेले. मधुमेह आणि स्टिरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची मोठी कारणे होती.

तेव्हा ध्यानात ठेवा. औषध जुने की नवे, स्वस्त की महाग, हा प्रश्न नाही. या रोगावर, या अवस्थेत, त्याची पारख झाली आहे का, हा प्रश्न आहे. डॉक्टर कधी कधी विचार करून एका रोगाचे औषध दुसऱ्याला देतात. तसे असेल तर विचारावे, "डॉक्टरसाहेब, हे कशासाठी? याने अपाय काय होईल?" असे विचारण्यात लाज नाही. मात्र शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या आपल्या पोराला देऊ नयेत.

प्रश्न
1. या दोन गोळ्या मुळात कोणत्या रोगांवर देतात?
2. "शेजारी बरा झाला" एवढ्याने औषधाचा गुण का सिद्ध होत नाही?
3. तुमच्या घरी उरलेल्या गोळ्या आहेत का? त्यांवरील नाव आणि मुदत वाचून पाहा.