लोंबलेले दार

कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होणारी अँबॅसडर मोटार तुम्ही पाहिली असेल. अशा जुन्या गाडीचे दार कधीकधी उघडताच किंचित खाली उतरते. लावताना ते उचलून धरावे लागते. असे का होते?

समजा, दार २० किलोग्रॅमचे आहे. त्याचा गुरुत्वमध्य बिजागऱ्यांपासून ५० सेंटिमीटर दूर, तर दोन बिजागऱ्यांमधील अंतर ४० सेंटिमीटर आहे. भारामुळे दार खाली फिरू पाहते. त्याला तोलून धरण्यासाठी वरची बिजागरी दाराला २० × ५० ÷ ४० म्हणजे २५ किलोग्रॅम भाराइतक्या बलाने खांबाकडे ओढते. खालची तेवढ्याच बलाने दूर रेटते.

या ताणाने वर्षानुवर्षे बिजागरीची खीळ झिजते. वरच्या बिजागरीत अवघी १ मिलिमीटर ढिलाई आली, तर १०० सेंटिमीटर दूर असलेली कुलपाकडची कड २.५ मिलिमीटर खाली येते.

खांबावरची खाच खाली सरकवली, तर दार लागेल खरे. पण ढिलाई तशीच राहील आणि शेजारच्या पत्र्यालगतची फट वाकडीच दिसेल. म्हणून जाणता कारागीर दाराखाली आधार देऊन आधी खीळ बदलतो, मग फट सारखी करतो; खाच सर्वांत शेवटी जुळवतो.

तुमच्या घरच्या कपाटाचे दार लोंबते का? मग त्याची कोणती बिजागरी सैल झाली असेल, सांगा पाहू!