‘बी-सेल लिंफोमा’ एवढ्यावर थांबू नका

टाळूवर किंवा पाठीवर लालसर, न दुखणारी, महिनोन्‌महिने न जिरणारी गाठ येते आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘बी-सेल लिंफोमा’ लिहिलेलं असतं. तेवढ्या दोन शब्दांवर केमोथेरपीची तारीख घेऊ नका, हे मला कळकळीनं सांगायचं आहे. त्वचेतच सुरू होणाऱ्या या आजाराचे मुख्य प्रकार तीन: मार्जिनल झोन, फॉलिकल सेंटर आणि लेग टाइप. पहिल्या दोहोंत पाच वर्षांनंतर 90 टक्क्यांहून जास्त रुग्ण हयात असतात. लेग टाइपमध्ये साधारण निम्मे. (नावात पाय असला तरी हा प्रकार अंगावर कुठेही येऊ शकतो.)

हा फरक बायोप्सीचा तुकडा नीट घेतला तरच कळतो. रोगट पेशी बहुधा त्वचेच्या खोल थरात, पार चरबीपर्यंत असतात. वरवर खरवडलेल्या तुकड्यात त्या येतच नाहीत. म्हणून खोल पंच बायोप्सी घ्यावी, जमल्यास अख्खी गाठच काढावी, आणि त्याआधी गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नये. पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखण्याची तपासणी, हवीच. लेग टाइपमध्ये बीसीएल-2 आणि एमयूएम-1 ही प्रथिनं सहसा ठळक दिसतात. फॉलिकल सेंटरमध्ये बीसीएल-2 बहुधा नसतो किंवा फिका असतो. तिथे तो सीडी-10 सोबत ठळक असेल, तर आजार लसिकाग्रंथींतून त्वचेत आला असल्याची शंका घ्यावी.

‘गाठ डोळ्यांना दिसतेय, मग पेट-सीटीचा खर्च कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. पण आत आजार नाही हे पाहिल्याशिवाय तो त्वचेतलाच आहे असं म्हणताच येत नाही, आणि सगळे उपचार त्यावरच ठरतात. बोन मॅरो तपासणी लेग टाइपमध्ये आवश्यक, फॉलिकल सेंटरमध्ये इष्ट. मार्जिनल झोनमध्ये बाकी तपासण्या निर्दोष असतील तर ती टाळता येते. स्टेजही जुन्या ॲन आर्बर पद्धतीनं मोजू नये, कारण त्वचेवर विखुरलेल्या चार गाठींनाही ती चौथी स्टेज ठरवू शकते आणि घर हादरतं. 2007 पासून त्वचेसाठी वेगळी टीएनएम पद्धत आहे: एकच गाठ टी-1, एका भागातल्या अनेक गाठी टी-2, अंगभर पसरलेल्या टी-3. फॉलिकल सेंटरमध्ये तर टी-3 असूनही आयुष्याचा अंदाज फारसा बिघडत नाही.

‘कॅन्सरमध्ये थांबायचं नसतं’ असंही म्हणतात. लेग टाइपचा संशय असेल तर तपासण्या भराभर उरकाव्यात, हे खरं. तिथे रिटक्सिमॅबसह केमोथेरपी लागते. पहिल्या दोन, संथ प्रकारांत मात्र एका गाठीला रेडिएशन पुरतं, कधी नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. म्हणून लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या आणि लिंफोमा रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे ते पुन्हा तपासायला द्या.