शास्त्र कशाला म्हणावे?

‘शास्त्र’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. भौतिकशास्त्र हे शास्त्र, आणि ज्योतिषशास्त्र हेही शास्त्रच! इतिहासाला प्रयोगशाळा नाही, म्हणून तो मात्र ‘आर्ट्‌सचा विषय’. मग शास्त्राची खरी खूण कोणती? गणित म्हणावे, तर कुंडलीतही अंश-कला मोजाव्याच लागतात.

कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९३४ साली याचे एक उत्तर दिले. जे विधान कोणत्या अनुभवाने खोटे ठरेल हे आधी सांगता येते, तेच विधान वैज्ञानिक होय. या गुणाला खंडनक्षमता म्हणतात.

अशी कसोटी महाराष्ट्रातही लावली गेली. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या तयार करण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस देऊन, कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच विचारले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ४६ भरले. नाणे उडवूनही शेकडा ५० च्या आसपास जमते! उलट, बहुतेक उत्तरे बरोबर आली असती, तर चूक कबूल करण्याची पाळी नारळीकरांवर आली असती. हार दोन्ही पक्षांना शक्य होती, यातच चाचणीचे मोल आहे.

कोणी म्हणेल, ‘जन्मवेळ चुकली असेल.’ सबब विज्ञानातही सांगतात. युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी नियम टाकला नाही. पलीकडे एखादा अज्ञात ग्रह असावा, असे म्हटले. परंतु तो कोठे दिसेल हेही सांगितले, आणि १८४६ साली नेपच्यून त्या जागेजवळच सापडला. सबबसुद्धा तपासता आली पाहिजे, हा फरक आहे.

मग कलाशाखेचे काय? आपल्या धुळ्यातच १९२६ साली निवर्तलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे बखरींतील हकिकती अस्सल पत्रांशी ताडून पाहत. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ साली याच गावी स्थापन झाले. नवा कागद पुढे आल्यास आपले मत बदलावे लागेल, हे मान्य करणारा इतिहासकारही शास्त्राच्याच वाटेने चालतो.

तेव्हा पुढचा निबंध लिहिताना आपण स्वतःला एवढेच विचारावे : कोणता पुरावा सापडला तर मी माझे मत सोडीन? उत्तर सुचत नसेल, तर तो विषय कोणत्याही शाखेचा असो, आपण लिहितो ते शास्त्र नव्हे.