सारखेपणा ओळखावा कसा?

वटवाघूळ उडतें व फुलपांखरूंही उडतें. तेव्हां त्यांचे पंख एकाच जातीचे समजावे काय? वर्गांत असें विचारलें असतां पुष्कळ मुलें ‘होय’ म्हणतात. उत्तर चुकीचें आहे. परंतु ही चूक मोठी उद्बोधक आहे.

वटवाघळाच्या पंखांत दंडाचें हाड, मनगट व लांबलेलीं बोटें असतात. उत्तनचे कोळी समुद्रांत ज्या डॉल्फिनला पाहतात, त्याच्या वल्ह्यासारख्या परांतही हींच हाडें याच क्रमानें आढळतात. आणि आपल्या हातांतही हींच. फुलपांखराच्या पंखांत मात्र हाडच नाहीं. कार्य भिन्न असूनही मूळ एक असणें, या नात्यास ‘होमॉलॉजी’ म्हणतात. रिचर्ड ओवेन यानें १८४३ सालीं त्याची व्याख्या केली; या साम्याचें कारण तो एका मूळ आराखड्यांत शोधीत असे. डार्विननें १८५९ सालीं तें समान पूर्वजांत दाखविलें, आणि आजचें आनुवंशशास्त्र त्यालाच पुष्टि देतें. अशा अभ्यासानें श्रद्धेस धक्का बसेल, अशी भीति कांहीं पालकांस वाटते. परंतु आपला हात व वटवाघळाचा पंख यांची ही जुळणी पाहून सृष्टिकर्त्याविषयींचा आदर उणा व्हावा, असें कारण मला तरी दिसत नाहीं.

हाच शब्द गणितांतही आहे. फ्रेंच गणिती प्वांकारे यानें १८९५ सालीं तो टोपॉलॉजी या शाखेंत आणिला. भाईंदरच्या मिठागराच्या दृष्टान्तानें त्याचा अर्थ ध्यानांत येईल. शेजारशेजारचे दोन वाफे घ्या, आणि घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें प्रत्येकाच्या बांधावरून एक फेरा घाला. मधला बांध एकदां जातांना व एकदां उलट येतांना चालला जातो. म्हणून हिशेबांत तो उडून जातो, आणि दोहोंभोवतींचा मोठा फेरा तेवढा उरतो. आतां एक वाफा मातीनें बुजवा. भरीव जमिनीभोवतींचा फेरा शून्य धरावा, असा नियम आहे. मग मोठा फेरा व उरलेल्या वाफ्याभोवतींचा लहान फेरा, आकारानें भिन्न असूनही, होमॉलॉजीच्या दृष्टीनें एकच ठरतात; कारण दोन्ही एकाच पोकळीस वेढतात.

मात्र येथें सावध राहावें. हाडांचें नातें वंशाचें आहे. फेऱ्यांना पूर्वज नसतात. उडणें एक म्हणून पंख एक होत नाहींत, तसेंच शब्द एक म्हणून कल्पना एक होत नाहीं. तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, ‘हीं दोन सारखीं आहेत’ असें कोणी म्हटल्यास प्रथम विचारावें, ‘कोणत्या दृष्टीनें?’