वेल्डिंगचा रॉड : निवड, हाताळणी आणि जोडाची पारख

शाळेचे फाटक, पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा, बालवाडीतील झोपाळा, ट्रॅक्टरची ट्रॉली या साऱ्यांचे आयुष्य त्यांच्या जोडांवर अवलंबून असते. हे जोड बहुधा तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या दुकानात रॉडच्या वेल्डिंगने घातले जातात. हे काम शिकू इच्छिणाऱ्या तरुणांना आणि अशा कामांची देयके मंजूर करणाऱ्या पंचायत सदस्यांना या तंत्राची तोंडओळख असणे आवश्यक होय.

रॉडचे टोक व लोखंड यांच्यामधील अल्प अंतरात विजेची प्रज्योत निर्माण होते. तिच्या उष्णतेने दोन्ही भागांच्या कडा आणि रॉडची तार एकत्र वितळून एकजीव होतात. तारेवरील लेप जळून वायूचे आवरण तयार होते व ते हवेतील प्राणवायू आणि नत्रवायू यांना वितळलेल्या धातूपासून दूर ठेवते. लेपाची मळी जोडावर पसरून त्याला सावकाश निवू देते. म्हणजे रॉडचे निम्मे कार्य लेपच करीत असतो. हा लेप ओला झाला, वा त्याचे टवके उडाले, तर कुशल कारागिराचा हातही निरुपयोगी ठरतो. कोकणातील पावसाळ्यात उघडे पडलेले पुडे ही म्हणूनच क्षुल्लक बाब मानता येत नाही.

नवशिक्याने ई ६०१३ या प्रकारच्या रॉडपासून आरंभ करावा. यातील ६० हा आकडा जोडाची किमान ताणशक्ती दर चौरस इंचास ६०,००० पौंड असल्याचे दर्शवितो, १ म्हणजे कोणत्याही स्थितीत वापरण्याजोगा, तर शेवटचा आकडा लेपाचा प्रकार सांगतो. हा रॉड सहज पेटतो, मळी सहज सुटते आणि साध्या ट्रान्सफॉर्मर यंत्रावरही तो चालतो. फाटके, खिडक्या, गज यांना तो पुरेसा आहे. ई ७०१८ हा अधिक भार वा हादरे सोसणाऱ्या जाड भागांसाठी असतो. मात्र त्याच्या लेपात ओल शिरल्यास तिच्यातील हायड्रोजन धातूत जातो आणि जोड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनीही, त्यास तडा जाऊ शकतो. हा रॉड वापरण्यापूर्वी भट्टीत सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसवर तापवावा लागतो. उन्हात वाळत घालून ते साधत नाही. ओतीव लोखंडाला मात्र निकेलचा निराळा रॉड लागतो.

पातळ चौकोनी नळीस २.५ मिलिमीटरचा, म्हणजे दुकानदारांच्या भाषेतील १२ नंबरचा रॉड घ्यावा व प्रवाह ६० ते ९० अँपिअर ठेवावा. जाड पट्टीस ३.१५ मिलिमीटरचा १० नंबरी रॉड व ९० ते १३० अँपिअर लागतात. प्रथम गंज व रंग घासून काढावा. आगकाडी ओढावी तसे टोक ओढून ज्योत पेटवावी. ज्योतीची लांबी तारेच्या जाडीइतकीच असावी. रॉड पुढे जाण्याच्या दिशेने थोडा कलता धरून एकसारख्या गतीने न्यावा आणि पुढचा थर देण्यापूर्वी मळी पूर्ण काढावी. प्रवाह कमी पडल्यास धातू कडांत न शिरता वर ढिगासारखा बसतो. हा दोष फसवा असतो, कारण वरून जोड भरीव भासतो. प्रवाह जास्त झाल्यास कडेला खाच पडते किंवा पातळ नळीस भोकच पडते.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. १० किंवा ११ क्रमांकाची काच, चामडी हातमोजे व कोरडी पादत्राणे हवीतच. शाळेच्या आवारात काम चालू असता मुलांना दूर ठेवावे. क्षणभर पाहिलेली ज्योतही रात्री डोळे चुरचुरण्यास पुरते. जस्ताचा मुलामा असलेल्या नळीचा धूर ज्वर आणतो. डिझेलचे रिकामे पिंप तर साफ केल्याची खात्री नसल्यास जोडावयास घेऊच नये.

तपासणीचे काम साधे आहे, पण ते रंग लावण्यापूर्वी झाले पाहिजे. जोड घासून सपाट करणे व वर लांबी भरून रंग देणे ही पद्धत सर्रास आढळते. त्यानंतर काहीच पारखता येत नाही. जोडाची रुंदी एकसारखी आहे काय, छिद्रे वा कडेच्या खाचा आहेत काय, शेवटचा खळगा भरला आहे काय, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. काम देतानाच रॉडचा प्रकार लेखी नमूद करावा आणि पुड्यावरील भारतीय मानक चिन्ह पाहून घ्यावे. गावातील तरुणांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संधाता हा एक वर्षाचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. तेथून शिकून आलेला कारागीर जवळपास असल्यास तपासणीच्या वेळी त्यास सोबत घ्यावे.