किल्ली सगळ्यात शेवटी

पोरी, फ्लॅटचा ताबा मिळाला, रंग झाला आणि आता मामाला म्हणतेस, 'चांगला भाडेकरू बघा.' बघतो की! भाड्याने राहणारी माणसं बहुतेक आपल्यासारखीच सरळ असतात, त्यामुळे दारात येणाऱ्याकडे चोर म्हणून पाहू नकोस. फक्त क्रम चुकवू नकोस: आधी माणूस, मग कागद, मग पैसे आणि सगळ्यात शेवटी किल्ली. आमच्या पिढीतले भलेभले याच क्रमात घसरले आहेत.

१. माणसाला समोर बसवून चहा पाज आणि बोलता बोलता आत्ताच्या आणि त्याआधीच्या, दोन्ही घरमालकांचे नंबर माग — आत्ताच्या मालकाला तो जायला हवा असेल तर तो गोडच बोलेल, त्याच्या आधीचा मात्र खरं सांगतो. घाईच्या भाडेकरूचा जुना पत्ता आधी विचारावा.

२. घर न बघताच 'मी लष्करात आहे, बदली झालीय, घर पसंत आहे' म्हणणारा कोणी डिपॉझिट पाठवायला क्यूआर कोड स्कॅन करायला सांगू लागला, तर फोन ठेवून दे — पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात ते आपलेच. तो गणवेशातला फोटो पाठवील, विश्वास बसावा म्हणून रुपयाही टाकील. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला फोन कर.

३. आधार, पॅन आणि नोकरीचं ओळखपत्र मूळ बघ, आणि ऑफिसचा नंबर स्वतः शोधून फोन लाव — त्याने दिलेल्या नंबरावर त्याचा मित्रच 'साहेब' होऊन बसलेला असू शकतो.

४. आपल्या इंडेक्स टूची किंवा लाइट बिलाची झेरॉक्स देताना कोणाला, कशासाठी आणि तारीख हे तिच्यावर आडवं लिही — कोऱ्या झेरॉक्सवर तुझ्या पत्त्याचा जीएसटी नंबर काढणारे महाभाग असतात, आणि नोटीस येते तुझ्या दारी.

५. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवच. 'अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे' असं एजंट म्हणाला तर मान डोलाव आणि तरीही नोंदव — १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झालाच तर उलट सिद्ध होईपर्यंत अटी भाडेकरू सांगेल त्याच खऱ्या.

६. खर्चाचं रडगाणं गाऊ नकोस — वीस हजार भाडं, साठ हजार डिपॉझिट, अकरा महिने धरलेस तर मुद्रांक शुल्क सहाशेच्या आत बसतं, आणि अंगठे लावून नोंदणी ऑनलाइनही होते. कागदाला कंजूष, त्याला वकील महाग.

७. करारात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, संपण्याची तारीख आणि 'पोटभाडेकरू ठेवणार नाही' हे स्वच्छ लिहून घे — मुदत संपूनही कोणी हललं नाही, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि भाड्याच्या दुप्पट भरपाई मागता येते.

८. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दे आणि पोचपावती फाइलला लाव — उद्या त्याने काही उद्योग केले, तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील.

९. डिपॉझिट बँकेत जमा झालेलं आपल्या खात्यात बघ, त्याच्या फोनमध्ये नव्हे — स्क्रीनशॉट घरी बसून बनवता येतो. फोटोतल्या लाडवाने एकादशी सुटत नाही.

१०. भाडेकरूचं नाव आणि फोटो सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि वॉचमनलाही दे — काही जण तुझ्याकडून महिन्याच्या भाड्याने घर घेतात आणि स्वतः मालक बनून ते दुसऱ्याला हेवी डिपॉझिटवर, म्हणजे भाड्याऐवजी एकरकमी मोठी रक्कम घेऊन देतात. चार महिने भाडं चोख येतं, मग थांबतं. तू बेल वाजवतेस तर दार उघडतं लाखो रुपये मोजून बसलेलं भलतंच कुटुंब.

११. लाइट बिल आपल्याच नावावर ठेव आणि त्याला आपलाच मोबाइल नंबर जोड — बिल एकदम तिप्पट झालं तर आत माणसं वाढलीत, आणि अगदीच खाली आलं तर बिऱ्हाड हललंय.

१२. वर्षातून एकदा आयकराच्या साइटवर आपलं एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडून बघ — कधी न भेटलेला कोणी तुझा पॅन लावून घरभाड्याची सूट घेत असेल, तर ते 'उत्पन्न' तुझ्या नावावर दिसतं.

१३. भाडं थकलं तरी कुलूप बदलू नकोस, वीज-पाणी तर मुळीच तोडू नकोस — तोडलंस तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ तुझ्यावरच उलटेल. पहिला महिना चुकला की फोन, दुसरा चुकला की लेखी नोटीस; ज्याला भीड पडली, त्याचं भाडं अडलं.

१४. घर देताना आणि घेताना दोघांनी मिळून खोल्यांचा व्हिडिओ काढा, मीटरचा आकडा लिहा, किल्ल्या मोजा — भिंतीवरचा डाग कोणाचा, यावर पुढे कोणाचं तोंड वाकडं होत नाही.

१५. आणि हिशेब जुळला की डिपॉझिट त्याच दिवशी परत कर, 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणू नकोस — सरळ माणूस जाताना आपल्यासारखाच दुसरा सरळ माणूस सुचवून जातो, आणि मग भाडेकरू शोधायला मामा लागत नाही.